बारा नळ्यांतली सूनरडवी

कामिनोसावा, ३ ऑक्टोबर

माझ्या झाडाला लाल फीत बांधून गेलेत, आणि बांधणाऱ्याच्या तोंडून पहिलं नाव निघालं ते तुझं. याचा जबाब आधी दे, मग माझ्या तब्येतीची चौकशी कर.

नगर कार्यालयातला तो होसोया काल दुपारी आला. बुटांचा चिखल न झाडता थेट अंगणात. यंदा डोंगरात ओकची फळं धरली नाहीत, अस्वलं गावात उतरतायत, ज्यांच्या घरची पर्सिमनची फळं कुणी तोडत नाही त्यांची झाडं कार्यालय कापून देणार, असं त्यानं कागदावरून वाचून दाखवलं. मी म्हटलं, माझी मी तोडते. त्यानं मान वर करून शेंड्याकडं बघितलं. गेल्या वर्षीची वाळकी देठं अजून तिथं लटकतायत. माझ्या गुडघ्यांची कथा गावाला पाठ आहे, होसोयालाही. मग 'इझुमीच्या नळ्यांत झाड आहेच की' म्हणत त्यानं दुसरा कागद काढला. त्यावर तुझ्या मामाचा संमतीचा शिक्का. दहा नोव्हेंबरला कापायचं ठरलंय.

कुनिओ घरी आला तेव्हा त्याला भाताचा वाडगा देण्याआधी विचारलं. तो म्हणाला, "आई, झाड जातंय कुठं? इझुमीच्या संस्थेत बारा नळ्यांत जिवंत आहे. मी फोन करून विचारलंय तिला."

म्हणजे तुझं नि त्याचं बोलणं झालेलं आहे, आणि मला होसोयाच्या तोंडून कळतंय.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तू त्या बारीक मॅडमना घेऊन आलीस, काड्या कापून ओल्या कागदात गुंडाळून नेल्यात. तेव्हा कुणी बोललं होतं का, की नळीत गेलं की अंगणातलं फालतू होणार? सूनरडवी जातीच्या पर्सिमनचं गावात हे एकच झाड उरलंय. बाकीच्यांनी केव्हाच तोडून दुकानात खपणारी गोड जात लावली. आपलं कच्चं चावलं तर जिभेचं चामडं होतं, आणि सोलताना नव्या सुनेची बोटं महिनाभर काळी राहतात. पण सोलून वळचणीला टांगलं की चाळीस दिवसांनी त्यावर जी पांढरी साखर येते ती दुसऱ्या कुठल्या फळाला येत नाही. मी या घरात आले तेव्हा रडले होते, ते झाडापायी नाही, सासूपायी. हे मी सगळ्यांना सांगत आलेय.

तर आता सांग. या नळ्यांचं तुला काय मिळतं? बढती? आणि त्या मॅडमना?

फोन करू नकोस. फोन पुढच्या खोलीत आहे आणि तुझ्या मामीचे, फुमिएचे, कान त्याच्याही पुढं आहेत. चित्राक्षरं कमी घाल, मला सहावीपर्यंतचीच येतात, आणि सहावीतही मी पाठीवर धाकटा भाऊ बांधूनच बसायची. पाकीट भाताच्या खळीनं चिकटव. गोंदाची पाकिटं फुमिए वाफेवर उघडते असा मला संशय आहे.

आजी


सेंदाई, ९ ऑक्टोबर

ती. आजीस,

नमस्कार. पाकीट खळीनंच चिकटवलंय.

मामानं फोन केला होता हे खरं. झाड सुरक्षित आहे का, एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. कापण्याबद्दल तो काहीच बोलला नाही. नाहीतर मी तुला आधी कळवलं असतं.

मला काही बढती मिळत नाही. उदागावा मॅडमनाही नाही. आमचं काम एवढंच, की जी जुनी वाणं एखाद्याच अंगणात उरली आहेत ती नाहीशी होऊ नयेत. तुझ्या काडीवरच्या डोळ्यातला टाचणीच्या टोकाएवढा कोंब आम्ही काढला आणि नळीत ठेवला. तू मिठाईत जो अगर घालतेस, त्याचाच थर नळीच्या तळाशी असतो, त्यात त्याचं जेवण कालवलेलं. कोंब बोटभर झाले की नळ्या थंड कपाटात जातात. आत पाच अंश, उजेड अगदी मंद. तिथं ते मरत नाहीत आणि वाढतही नाहीत, फक्त थांबतात. वर्षातून एकदा बाहेर काढून नव्या थरावर ठेवायचं. कीड नाही, वादळ नाही, अस्वल नाही.

बाराही नळ्या हिरव्यागार आहेत. प्रत्येकीवर चिठ्ठी आहे: सूनरडवी, कामिनोसावा, तोकी आजींचं अंगण. तुझं नाव संस्थेच्या यादीत आहे, आजी.

इकडं हवा छान आहे. बातम्यांत तुमच्याकडची अस्वलं रोज दाखवतात. संध्याकाळी बाहेर पडू नकोस. कमरेला घंटी बांध.

तुझी
इझुमी


कामिनोसावा, १४ ऑक्टोबर

घंटी बांधायला मी मांजर नाही. शेजारच्या यासुएनं बांधलीये, त्यामुळं ती कुणाच्या घरी चहाला गेली ते सगळ्या गल्लीला कळतं.

पत्र तीनदा वाचलं. एवढं गोड पत्र तू मला आजवर लिहिलेलं नाहीस. दहा वर्षांची असताना माझी चहाची किटली फोडलीस, तेव्हा असंच गोड बोलत होतीस.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. नळीतलं पान कसं आहे? गोलसर, तळहातासारखं, की लांबट? वरून चकाकतं की मळकट? पानाच्या पाठीला लव आहे का? कोवळ्या काडीचा रंग काय? आणि पहिल्या वर्षी तुमचा तो अगर काळा पडला होता का? सूनरडवीला कुठंही चीर दिली तरी ती काळं ओकते. बारापैकी एकही नळी काळी पडली नसेल तर मला नवल वाटेल.

का विचारते ते विचारू नकोस. आणि हे त्या मॅडमना दाखवू नकोस. त्या बाई फार बघतात आणि फार कमी बोलतात. अशी माणसं मला पचत नाहीत.

कुनिओ माझ्याशी गोड वागतोय. काल मला दवाखान्यात नेलं, येताना मासा घेतला. तोही काहीतरी लपवतोय. या घरात सध्या जो तो गोड आहे.

आजी


सेंदाई, २० ऑक्टोबर

ती. आजीस,

तुझे प्रश्न वाचले. तुला कुणी काय सांगितलंय? मामाला कळलंय का?

लपवून उपयोग नाही. गेल्या वर्षी तू मला ताज्या फळांची पेटी पाठवली होतीस. टांगायला सोपं म्हणून देठाशी काडीचा तुकडा ठेवलेला, आणि एका काडीवर पान राहिलं होतं. ते मी वहीत दाबून ठेवलं. यंदा सगळ्या वाणांची ओळख तपासायची होती, म्हणून नळीतलं एक पान आणि ते वहीतलं पान, दोन्ही तपासायला दिली. सप्टेंबरच्या अठरा तारखेला निकाल आला. दोन्ही जुळत नाहीत. जवळचीसुद्धा नाहीत. नळीत सूनरडवी नाहीच आहे.

चिठ्ठ्या लावायचं काम माझं होतं. सगळ्यांनी असंच धरलंय की मी कुणाच्या तरी नळ्यांवर तुझी चिठ्ठी लावली. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. चूक सापडेपर्यंत बाहेर बोलू नकोस म्हणाल्या. महिनाभर मी चारशे नळ्या एकेक करून तपासतेय. ना तुझं झाड सापडतंय, ना चूक. शेजारच्या टेबलावरचा ओनोदेरा माझ्या सुट्टीत कपाट आवरत होता, तेव्हा त्यानं तर अदलाबदल केली नसेल, असंही मनात येतं. मग माझीच मला लाज वाटते.

मामाचा फोन आला तेव्हा तो निकाल माझ्या टेबलावर होता. मी तरी हो म्हटलं. वाटलं, आठ दिवसांत सापडेल. तो त्यावरून शिक्का मारेल हे मला माहीत नव्हतं, पण मी हो म्हटलं हे खरं.

पान लांबट आहे. लव आहे. अगर थोडा तांबूस झाला होता, काळा नाही. तुला हे विचारायचं सुचलं कसं?

इझुमी


कामिनोसावा, २४ ऑक्टोबर

त्या ओनोदेराच्या मागं लागू नकोस. स्वतःच्याही मागं लागू नकोस. चिठ्ठ्या बरोबर आहेत. काड्या चुकीच्या होत्या आणि त्या मी दिल्या.

नीट वाच, मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही. तुमच्या शहरात कलम घोट्याशी बांधत असतील. इथं बर्फ माणसाच्या छातीच्या वर चढतं. खाली बांधलेलं कलम बर्फ खचताना सांध्यातच मोडतं. म्हणून या गावात रानपर्सिमनाचा खुंट आधी डोक्याच्या वर वाढवतात आणि मग त्यावर चांगल्या जातीची काडी बांधतात. आपल्या झाडाचा सांधा मी हात वर केला की बोटांना लागतो. तिथून वरची साल चौकटी-चौकटीची, खालची बारीक खवल्यांची. सांध्याच्या वर सूनरडवी, खाली रान. खालचे फुटवे दरवर्षी काढायचे असतात. गुडघ्यांमुळं दोन वर्षं काढले नव्हते, ते चांगले हातभर वाढले होते.

तुम्ही दोघी आलात. मॅडमनी विचारलं, शिडी आहे का? मी म्हटलं, मोडली. शिडी कोठारामागं धड उभी होती. त्यांनी समोरचे, हाताला येणारे फुटवे कापले आणि मला वाकून तीनदा धन्यवाद दिले. मीही तीनदा वाकले.

का केलं ते सांगते. तुझ्या आईच्या जन्माआधी असेच चष्मेवाले आले होते, आपल्या लाल भाताचं बी घेऊन गेले. जपून ठेवू म्हणाले. जपलंही असेल. पण त्याच वर्षापासून शेतकरी संघानं तो भात घेणं बंद केलं. कुणी कुरकुर केली की सांगायचे, बी कपाटात आहे ना? पाच वर्षांत तो भात एकाही शेतात उरला नाही. तेव्हाच मी ठरवलं, जे कपाटात गेलं त्याला बाहेर मरायची परवानगी मिळते. म्हणून मी तुम्हाला रान दिलं. कपाटात रान झोपलं तर माझ्या झाडाला कुणी हात लावणार नाही असा माझा हिशोब.

आणि आता त्याच रानाच्या जोरावर माझं झाड कापतायत. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

तुझ्यावर आळ येईल हे डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तरी तेव्हा मी तेच केलं असतं, उगाच खोटं कशाला बोलू.

मॅडमना हे पत्र दाखव. कुनिओला सांगू नकोस. दहा तारखेला अजून वेळ आहे, मी काहीतरी बघते.

आजी


सेंदाई, २८ ऑक्टोबर

आजी,

मी तुझ्यावर फार चिडलेय. हे पत्र चौथ्यांदा लिहितेय, आधीची तिन्ही पाठवण्यासारखी नव्हती. महिनाभर मी जेवताना चिठ्ठ्यांचा विचार केला, झोपेत नळ्या मोजल्या. आणि तुला सगळं माहीत होतं.

मॅडमनी तुझं पत्र उभ्यानंच वाचलं. मग विचारलं, बर्फ नक्की किती चढतं? त्या दक्षिणेच्या, वाकायामाच्या. त्यांच्या वडिलांची संत्र्यांची बाग होती आणि तिथं बर्फ पाहायला मिळत नाही. नंतर म्हणाल्या, "आजींनी फसवलं हे खरं. पण वर बघायचं आपलं काम होतं, ते आपण केलं नाही." मग त्यांनी स्वतः यादीतलं सूनरडवीचं नाव खोडलं आणि त्या बारा नळ्यांसमोर लिहिलं: रानपर्सिमन, खुंट. नळ्या फेकल्या नाहीत.

आता मी सांगते तसं कर. सांध्याच्या वरच्या, शेंड्याकडच्या, यंदाच वाढलेल्या काड्या हव्यात. पेन्सिलीएवढ्या जाड, डोळे फुगीर. पानं काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, वरून प्लास्टिक, मग गार जागी. पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत. किती मिळतील तितक्या, कारण ही जात नळीत सहज रुजत नाही. पन्नासांतल्या पाच जगल्या तरी मॅडम खूश होतील.

पाच तारखेला रविवारी मी स्वतः येतेय, शिडी धरायला. तोपर्यंत मामाला तू सांग. मी सांगितलं तर तो म्हणेल, आजीनं पढवलं.

इझुमी


कामिनोसावा, २ नोव्हेंबर

तू रविवारी येऊ नकोस. धरायला काही उरलं नाही.

तुझं पत्र एकतीसला दुपारी आलं. झाड एकतीसला सकाळी गेलं. तीसला यासुएच्या कोठारात अस्वल शिरलं, तिच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या, मिसोच्या पिंपात तोंड घालून बसलं. ती घंटी वाजवत राहिली आणि ते खात राहिलं. तिला काही झालं नाही, पण होसोयानं दहा तारीख सोडून दिली. सकाळी आठला चार माणसं आणि उंच पाळण्याची गाडी अंगणात.

मी झाडापाशी जाऊन उभी राहिले. कुनिओ मला हाताला धरून बाजूला घ्यायला आला. तेव्हा मी होसोयासमोर, त्या चार माणसांसमोर, फुमिएसमोर मोठ्यानं म्हटलं, "नळ्यांत आपलं झाड नाही. मी तुम्हा सगळ्यांना फसवलंय. खाली रान आहे, मी रान दिलं."

कुनिओनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, झाड वाचवायला आता काय काय रचशील?"

त्याचं चुकलं नाही. त्याला लहानपणापासून मी किती वेळा बनवलंय ते मलाच माहीत. तुझे आजोबा देवळात गेलेत सांगायची, ते दारूच्या दुकानात असायचे. शिडीचं त्यालाही मोडली म्हणूनच सांगितलं होतं. नंतर ती त्याला कोठारामागं धड सापडली. मी सांधा दाखवला, साल दाखवली. तो म्हणाला, सगळ्याच म्हाताऱ्या झाडांची साल अशी असते. होसोया घड्याळ बघत होता.

मग मी भांडायचं सोडलं. होसोयाला म्हटलं, कापायचंच तर वरून कापा, फांद्या दोरीनं खाली सोडा, आणि प्रत्येक फांदी माझ्यासमोर ठेवा. नाहीतर मी इथंच बसते. तेवढं त्यानं ऐकलं. मी भाजीची टोपली पालथी घालून तिच्यावर बसले आणि कातरीनं काड्या घेत गेले. तुझं पत्र अजून आलं नव्हतं, पण काडी कशी घ्यायची ते मला तुमच्या आधीपासून येतं. यंदाची, पेन्सिलीएवढी, फुगीर डोळ्याची. पानं खुडून यासुएकडच्या जुन्या वर्तमानपत्रांत.

दहाच्या सुमारास करवत बुंध्याला लागली. सांध्याच्या वर एक हात त्यांनी पहिला काप घेतला. लाकूड आत काळं, शाईचा थेंब पडल्यासारखं. मग सांध्याच्या खाली दुसरा. तिथं लाकूड कोऱ्या भातासारखं, काळ्याचा पत्ता नाही. ओंडका जमिनीवर आडवा पडला तेव्हा एक तोंड काळं आणि एक पांढरं. कुनिओ दोन्हीकडून फिरून आला. वाकून सालीवरच्या त्या रेषेवरून अंगठा फिरवला. मग घरातून दुसरी कातर आणली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला. त्यानं माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. त्याच्या काड्या फार आखूड कापलेल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मी टाकून दिल्या. फुमिए चहा घेऊन आली आणि वर्तमानपत्र भिजवत बसली. पाकिटं ती उघडत नसावी असं मला आता वाटायला लागलंय, पण खात्री नाही.

खुंट मी काढू दिला नाही. होसोयाला म्हटलं, खुंट चढून अस्वल काय खाणार? तो तसाच उभा आहे, माझ्या नाकाएवढा.

एकशे चौदा काड्या आहेत. साठ या पेटीत, गार डब्याच्या टपालानं पाठवल्यात. बाकी मुळे साठवायच्या खड्ड्यात मातीखाली आहेत, एप्रिलपर्यंत. त्या खुंटावर कशा बांधायच्या ते आम्ही बघू. यंदा तुमच्यावर सगळं सोपवायची चूक मी करणार नाही, आणि माझ्यावर सगळं सोपवायची तुम्ही करू नका.

मोजून घ्या. साठाच्या एकसष्ट झाल्या किंवा एकोणसाठ झाल्या तर मला कळवा. प्रत्येक काडीच्या खालच्या टोकाला मी नखानं चीर दिलीये, पेटी उघडाल तेव्हा ती काळी पडलेली दिसली पाहिजे. पडली नाही तर ती माझी नाही.

आता शेवटचं. तू मला नऊ तारखेला लिहिलंस की बाराही हिरव्यागार. मामाला हो म्हणालीस. तू मन राखायला खोटं बोलतेस, मी काम साधायला बोलते. आपण दोघी एकाच घरच्या, त्यामुळं तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाही, रागावू नकोस. या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. उदागावा मॅडमनी लिहायचं, स्वतःच्या हातानं, साध्या अक्षरांत. साठातल्या किती काळ्या पडल्या, किती कुजल्या, किती जगल्या, दर महिन्याला. सगळ्या मेल्या तर सगळ्या मेल्या असं लिहायचं. मी ज्यांना फसवलं त्यांनी मला खरं कळवायचं, दुसऱ्या कुणाचं पत्र मी उघडणार नाही.

आजी